छाटणीआधीचे नऊ दिवस

द्राक्षाच्या घरात सुट्टी माणसं ठरवत नाहीत, छाटणी ठरवते. एप्रिलात खरड छाटणी, सप्टेंबर संपता संपता गोडी छाटणी, आणि मग माल निघेपर्यंत सख्ख्या भाच्याच्या लग्नालाही अर्धाच दिवस. निफाड तालुक्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. त्यामुळे लेक फोनवर म्हणाली, "आई, सप्टेंबरात या, आपण पोर्तुगालला जाऊ, तेव्हा तिथे द्राक्षं तोडतात," तेव्हा ह्यांनी तिकिटाचा दर विचारला नाही. "छाटणीआधी परत येतो ना?" एवढंच विचारलं.

सासूबाईंची अडचण वेगळी होती. गणपती उठले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पितृपक्ष लागतो, आणि आमचं विमान नेमकं पौर्णिमेच्या रात्री. सासऱ्यांची तिथी द्वादशीची. त्याआधी परत येतोय हे कॅलेंडर हातात देऊन दाखवलं तेव्हा त्यांनी परवानगी दिली, पण एका अटीवर : "तिथे काय खाल, काय प्याल, ते मला सांगू नका."

एक गोष्ट आधी सांगायला हवी, नाहीतर ह्यांचं पुढचं वागणं कळणार नाही. नाशिकला वाईनचे दिवस आले तेव्हा आम्हीही दोन एकर शिराज लावली होती. करार होता, भाव ठरलेला होता. मग मंदी आली, कंपनीने माल उचलणं थांबवलं आणि 2010 च्या उन्हाळ्यात ह्यांनी जेसीबी लावून ती बाग काढून टाकली. तिथे आता थॉमसन आहे, खायची द्राक्षं. त्या बागेबद्दल घरात बोलायचं नाही, असा न ठरवलेला नियम आहे.

सोमवार, लिस्बन

आम्स्टरडॅमला लेक येऊन मिळाली. ती रॉटरडॅमला फळांच्या व्यापारात आहे. आमच्याकडची द्राक्षं ज्या बंदरात उतरतात तिथेच तिचं ऑफिस, म्हणजे बाप माल पाठवतो आणि लेक त्याच्या तक्रारी ऐकते. दुपारी लिस्बनला उतरलो. खोली आल्फामा नावाच्या जुन्या वस्तीत, चौथ्या मजल्यावर. बुकिंग करताना लिफ्ट लिहिलेली होती, प्रत्यक्षात जिना होता आणि तोही आपल्या वाड्यातल्या माळ्याच्या जिन्यासारखा उभा. बॅगा वर चढवेपर्यंत ह्यांनी घरमालकाच्या सात पिढ्यांचं श्राद्ध घातलं.

खाली उतरलो तर गल्लीत निखाऱ्यावर सार्डिन भाजत होते. तारली म्हणा. अख्खा मासा, खवल्यांसकट, वर फक्त जाड मीठ. मासा पावाच्या जाड कापावर ठेवतात, त्याचं तेल पावात मुरतं आणि शेवटी तो पाव खायचा. खरा ऐवज तोच. टेबलावर बसल्याबसल्या वेटरने पाव, ऑलिव्ह आणि चीजचा तुकडा आणून ठेवला. मी म्हटलं, काय अगत्य! लेक म्हणाली, "आई, हात लावलास तर बिलात येतं. नको असेल तर परत ने म्हणायचं." तोवर ह्यांनी दोन ऑलिव्ह तोंडात टाकलेच होते.

मी तीस वर्षं मराठी शिकवलं. पोर्तुगीजांनी आपल्याला दिलेल्या शब्दांची यादी दरवर्षी फळ्यावर लिहायचे : बटाटा, पाव, चावी, बादली, पगार, लिलाव, घमेलं, अननस. मुलं पाठ करायची, परीक्षेला लिहायची, विसरायची. आता समोरच्या पाटीवर 'बटाटा' वाचला आणि शेजारच्या टेबलावरचा माणूस 'पांव' म्हणाला तेव्हा अंगावर काटा आला. माझी यादी ही माणसं रोज खात होती!

मंगळवार, अजून लिस्बन

सकाळी बेलें नावाच्या भागात. जेरोनिमोसच्या मठाशेजारी एक मिठाईचं दुकान आहे, 1837 पासूनचं. 1834 साली पोर्तुगालमध्ये मठ बंद केले गेले आणि मठातली पाककृती बाहेर आली, ती या दुकानात. पश्तेल म्हणजे पापुद्र्यांची वाटी आणि तिच्यात अंड्याच्या बलकाची गोड साय, वरून जागोजागी करपलेली. दालचिनीची पूड आपण भुरभुरायची. इथल्या मठांच्या बहुतेक मिठायांत बलकच बलक. त्याचं कारण असं सांगतात की अंड्याचा पांढरा भाग जोगिणींच्या कपड्यांना कांजी करायला आणि वाईन निवळायला जायचा, मग बलकांचं करायचं काय? पटण्यासारखं आहे. पुरणाच्या कटाची आमटी अशाच बुद्धीतून निघाली असणार.

मठाच्या चर्चमध्ये शिरताच एका बाजूला वास्को द गामाची कबर. तो 1524 साली कोचीनला वारला, अस्थी मागाहून इथे आणल्या. गाइड त्याच्या शौर्याचं बरंच काही सांगत होता. एवढ्यात घंटा वाजल्या आणि मला हसू आलं. नाशिकला गोदावरीच्या काठी नारोशंकराच्या देवळावर जी घंटा आहे ती पोर्तुगीजच. चिमाजी अप्पांनी 1739 साली वसई घेतली तेव्हा जी लूट आली त्यातली. तिच्यावर 1721 साल कोरलेलं आहे. पंचवटीत कर्कश बाईला 'नारोशंकराची घंटा' म्हणतात आणि वर्गात माझा आवाज चढला की मागच्या बाकावरून हेच नाव यायचं. ते सांगितल्यावर लेक म्हणाली, "म्हणजे आई, तू मूळची इथलीच."

दुपारी बाकल्याऊ. खारवून वाळवलेला कॉड मासा. किराणा दुकानात तो लाकडाच्या फळ्यांसारखा रचून ठेवलेला असतो आणि वास थेट आपल्या सुकट बाजाराचा. गंमत म्हणजे हा मासा पोर्तुगालच्या समुद्रात मिळत नाही. आधी न्यूफाउंडलंडहून आणायचे, आता मुख्यतः नॉर्वेहून येतो, आणि तरी त्यांचं राष्ट्रीय अन्न तेच. दिवस-दोन दिवस पाणी बदलत भिजवायचा, मग शिजवायचा. आम्ही खाल्ला तो कांदा, काडीसारखा चिरून तळलेला बटाटा आणि अंडं घालून परतलेला. ह्यांचा शेरा : "भुर्जी. पण चांगली."

संध्याकाळी चौकातल्या एका खिडकीत जिंजिन्या. आंबट चेरीची गोड दारू, इवल्याशा ग्लासात, उभ्याउभ्या प्यायची. फळासकट की फळाविना, एवढंच विचारतात. माझ्या आयुष्यातला पहिला घोट. खोकल्याच्या औषधाची आठवण झाली आणि खरं सांगते, दुसरा ग्लास मी स्वतः मागितला. कॅफेच्या कपाटात 'शामुसा' दिसला. आपला समोसाच, गोव्याकडून आणि आफ्रिकेकडून इथे पोचलेला आणि आता इतका इथला झालेला की पोर्तुगीज माणूस बिअरबरोबर तोच मागतो.

बुधवार, अझैताँव आणि सेतुबाल

भाड्याची गाडी घेतली. लेक चालवणार, हे शेजारी बसून ब्रेक दाबणार. लिस्बनमधून तेजू नदी ओलांडली की तासाभरात मस्कट द्राक्षाच्या बागा लागतात. अझैताँवला 1834 पासून चालत आलेलं वाईनचं घर आहे, जोझे मारिया द फोन्सेका. तिथली मोश्कातेल गोड. रस आंबत असतानाच त्यात द्राक्षाचा अर्क ओततात, म्हणजे आंबणं थांबतं आणि साखर शिल्लक राहते. मग साली तशाच त्यात काही महिने ठेवतात. वास संत्र्याच्या सालीचा, चव मधाची.

तिथे ऐकलेली एक गोष्ट मला फार आवडली. पूर्वी या वाईनची पिंपं जहाजावर चढवून दूरदेशी विकायला पाठवायचे. जी विकली जायची नाहीत ती विषुववृत्त दोनदा ओलांडून घरी परत यायची. हेलकाव्यांनी आणि उष्णतेने ती वाईन बिघडायची सोडून सुधारलेली असायची! अशा 'परतून आलेल्या' वाईनला मग जास्त भाव. ह्यांनी हे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आपला परत आलेला कंटेनर एकदा तरी सुधारून आलाय का?" लेकीने खिडकीबाहेर बघितलं.

अझैताँवचं चीज मुठीएवढं. मेंढीचं दूध काटेरी रानफुलाच्या केसरांनी विरजतात, वरचं झाकण कापायचं आणि चमच्याने आतलं मऊ काढून खायचं. दुपारी सेतुबालच्या मासळी बाजारात निळ्या-पांढऱ्या फरशांच्या भिंतीखाली हिंडलो आणि तळलेली माकूल खाल्ली. बोटाएवढ्या जाड पट्ट्या, कुरकुरीत, लिंबू पिळून.

गुरुवार, एव्होरा

माझा गुरुवार. चाळीस वर्षांत मोडलेला नाही, आणि अलेंतेजूत, म्हणजे एव्होराच्या मुलखात, तो निभावेल असं लेकीला वाटत नव्हतं, कारण तिथे डुकराशिवाय पान हलत नाही. पण अलेंतेजूने मला अचंबित केलं. तिथे आसोर्डा नावाचा प्रकार असतो. लसूण, जाड मीठ आणि भरपूर कोथिंबीर खलबत्त्यात कुटायची, त्यावर ऑलिव्हचं तेल, त्यावर कढत पाणी आणि त्यात शिळ्या पावाचे तुकडे. वर एक अंडं सोडतात. मी अंडं नको म्हटलं. समोर आलेल्या वाडग्यातून असा वास आला की डोळे मिटले तर निफाडच्या स्वयंपाकघरात. सगळ्या युरोपात कोथिंबिरीची ही भक्ती मला फक्त इथेच दिसली. गरिबांचं खाणं आहे हे. कुटलेला मसाला, पाणी आणि शिळी भाकरी कुस्करली की आपल्याकडेही जेवण होतंच.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना बुचाची झाडं. बूच झाडाला येतं हे मला ठाऊक नव्हतं, मला ते कारखान्यात बनतं असं वाटायचं. ओकची एक जात आहे, तिची साल म्हणजे बूच. झाड पंचवीसएक वर्षांचं झालं की पहिल्यांदा साल काढतात, मग दर नऊ वर्षांनी. बाटलीच्या बुचाजोगी साल तिसऱ्या खेपेला मिळते, म्हणजे झाड चाळिशी ओलांडल्यावर. सोललेली खोडं ओल्या विटेच्या रंगाची दिसत होती आणि प्रत्येकावर पांढऱ्या रंगाने एकेक आकडा काढलेला. साल कोणत्या वर्षी काढली त्याचा शेवटचा अंक. ह्यांनी गाडी थांबवायला लावली, उतरून एका खोडावर तळहात ठेवला आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले. नऊ वर्षं थांबायचं. आमचं पीक एकशेतीस-चाळीस दिवसांत निघतं आणि तेवढ्यात आमचा जीव जातो.

एव्होरात रोमन देवळाचे खांब आहेत आणि हाडांची एक कपेला, म्हणजे प्रार्थनाघर, आहे, भिंतीत माणसांच्या कवट्या नि हाडं चिणलेली. दारावर लिहिलंय : 'आम्ही इथली हाडं तुमच्या हाडांची वाट बघतोय.' पितृपक्षात हे वाचून मी आत गेले नाही.

त्यापेक्षा दक्षिणेला व्हिदिगैराच्या बाजूला एका गावात रांजणातली वाईन बघितली ते बरं. माणसाच्या उंचीचे मातीचे रांजण, आतून राळ फासलेली. द्राक्षं कुस्करून सालींसकट आत ओतायची, साली खाली बसल्या की वाईन त्यांच्यातूनच गाळून निघते. रोमन काळापासून हे असंच चाललंय. रांजण उघडायचा दिवस ठरलेला, 11 नोव्हेंबर, सेंट मार्टिनचा. गुरुवार असल्याने मी नुसता वास घेतला. ओल्या मडक्याचा.

शुक्रवार, नाझारे

समुद्र. जगातल्या सगळ्यात मोठ्या लाटांचं गाव म्हणून नाझारे प्रसिद्ध आहे. समुद्राच्या तळाशी एक प्रचंड दरी किनाऱ्यापर्यंत येते, तिच्यामुळे हिवाळ्यात इथे लाटांचे डोंगर उठतात. 2020 साली एका जर्मन माणसाने 26 मीटरच्या लाटेवर फळी चालवली. आम्ही गेलो तेव्हा समुद्र आपल्या गंगापूर धरणासारखा शांत. लेकीचा हिरमोड झाला. माझा नाही, कारण मला वाळूवर माशांच्या जाळ्या दिसल्या होत्या.

लाकडी चौकटींना जाळी ठोकलेली आणि तिच्यावर मासे, मधोमध चिरून पुस्तकासारखे उघडलेले, ओळीने उन्हात. मागे खुर्चीत एक म्हातारी, अंगावर घेरदार आखूड परकर. इथल्या बायका एकावर एक सात परकर घालायच्या म्हणतात. मी तिच्याकडे बघून नाकाजवळ हात नेला आणि 'काय वास आहे!' अशी खूण केली. ती हसली आणि एक मासा उचलून माझ्या हातात दिला. मग मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळत तिने माझ्या साडीच्या निऱ्या एका बोटाने मोजल्या. तिला वाटलं असणार, माझेही सातच आहेत. माशाचे तीन युरो मात्र तिने न हसता घेतले.

शनिवार, पिन्यांव

मध्ये लैरिया आणि कुइंब्रा गाडीतूनच बघितलं. कुइंब्राला जुनं विद्यापीठ आहे, थांबायला हवं होतं, पण ह्यांना दोरू नदीकाठच्या द्राक्षबागा दिसेपर्यंत धीर नव्हता.

रेग्वापासून पिन्यांवपर्यंतचा रस्ता नदीच्या काठाने जातो. पहिल्या वळणावर ह्यांच्या तोंडून "अरे बापरे" निघालं आणि पुढचे वीस किलोमीटर काहीच नाही. दोन्ही तीरांवर डोंगर, आणि डोंगरावर पायथ्यापासून माथ्यापर्यंत पायऱ्या. प्रत्येक पायरीला दगडी बांध, प्रत्येक बांधामागे द्राक्षाच्या एक-दोन ओळी. माती म्हणावी असं काही नाहीच. पाटीचा दगड, उभ्या कपच्यांनी फुटणारा. आधी पहारीने दगड फोडायचा, त्यातूनच बांध घालायचा, उरलेल्या चुऱ्यात वेल लावायचा. मुळं त्या कपच्यांच्या फटींतून खोल उतरतात. 1756 साली पोंबालच्या मार्केसने या भागाची हद्द आखून दिली. पोर्ट म्हणजे अर्क घालून केलेली इथली वाईन. अमुक रेषेच्या आतलीच पोर्ट, बाहेरची नाही. ग्रॅनाइटचे हद्दीचे खांब अजून उभे आहेत.

आमचा मुक्काम एका जुन्या बागेतल्या घरात होता. तिथे पाहुण्यांना संध्याकाळी द्राक्षं तुडवू देतात. माझा समज होता, फोटोपुरतं असेल. ग्रॅनाइटचा हौद, मांडीच्या वर येईल एवढी द्राक्षं. आम्हाला आखूड चड्ड्या दिल्या. मी! एकसष्टाव्या वर्षी, चड्डीत. पाय धुऊन आत उतरले तर पहिल्यांदा गार, मग पायाखाली घड निसटायला लागले, मणी फुटताना बोटांच्या बेचक्यात सूक्ष्म फट-फट जाणवत होतं आणि देठं पोटऱ्यांना टोचत होती. खांद्यावर हात टाकून दोन रांगा करतात आणि एक जण कवायतीसारखा मोजतो, डावा, उजवा, डावा, उजवा. पहिला तास-दीड तास हसायचं नाही, बोलायचं नाही, नुसतं एका लयीत चालायचं. वारीत चालताना होतं तसं होतं, पाय आपोआप चालतात. मग 'लिबेर्दाद' म्हणून कुणीतरी ओरडलं, अकॉर्डियन सुरू झालं आणि सगळे वाटेल तसे नाचायला लागले.

यंत्रं आली तरी पाय का? तिथल्या वाईन करणाऱ्या बाईने सांगितलं : पाय साल नीट चिरडतो, पण बी फोडत नाही. बी फुटली की कडवटपणा उतरतो. पोर्टला सालीतला रंग झटपट काढावा लागतो, कारण आंबायला दोन-तीन दिवसच मिळतात. मग 77 टक्क्यांचा अर्क ओतून ते थांबवायचं. 435 लिटर रसाला 115 लिटर अर्क.

हौदातून वर आले तेव्हा मांड्यांपर्यंत जांभळी. हे पलीकडच्या रांगेत होते. नाचले की नाही ते मी सांगणार नाही.

रविवार, त्याच बागेत

भल्या पहाटे हे खोलीत नव्हते. बागेत सापडले. साठेक वर्षांचा एक बागायतदार आणि हे, दोघे एका जुन्या वेलाजवळ उकिडवे बसलेले. मधे भाषा नाही. तो मोडकं इंग्रजी, हे मोडकं इंग्रजी, बाकी हात.

खोड मांडीएवढं, पिळवटलेलं, ऐंशीच्या पुढचं वय. "खाली खुंट अमेरिकन," हे मला म्हणाले, "आपल्या डॉगरिजसारखंच." 1860 च्या दशकात फिलॉक्सेरा नावाची मुळावरची कीड आली आणि दोरूच्या बागा साफ बसल्या. मग अमेरिकन खुंटांवर कलमं करून नव्याने लावल्या. सगळ्यांना जमलं नाही. डोंगरावर मधेच पडीक पायऱ्या दिसतात, झुडपं माजलेली. त्यांना इथे 'मोर्तोरियु' म्हणतात. मेलेल्या बागा. दीडशे वर्षं झाली, बांध अजून तसेच आहेत, वेल नाहीत.

ह्यांनी एक घड हातात घेतला. लहान, सैल, मणी वाटाण्याएवढे. आमच्याकडे हा माल कुणी पेटीत भरणार नाही. आम्ही जीए नावाचं संजीवक देऊन मणी फुगवतो, विरळणी करून घड सुबक करतो, अठरा मिलिमीटरची चाळण लावतो. ह्यांनी मणी तोंडात टाकला, चावला आणि बी तळहातावर काढली. तपकिरी होती. "पिकलीय," म्हणाले. मग बराच वेळ ती बी बोटांत फिरवत राहिले. शिराजची बी अशीच बघायची असायची. पंधरा वर्षांनी त्या बागेचं नाव पहिल्यांदा ह्यांच्या तोंडून ऐकलं, ते तिथे.

"पाणी?" ह्यांनी विचारलं. त्याने आभाळाकडे बोट केलं. ठिबक नाही, काही नाही, जुन्या बागा पावसावरच. "एका वेलाला किती माल?" त्याने एक बोट दाखवलं, मग अर्ध्यावर नख ठेवलं. दीड किलो. ह्यांनी आमचा एकरी दहा-बारा टनांचा आकडा सांगितला तेव्हा तो डोळे फाडून बघत राहिला. मग त्याने विचारलं, भाव काय मिळतो? ह्यांनी सांगितलं, वाहतूक, औषधं, मजुरी सगळं धरून. त्याने आपला सांगितला. कुणाची पोर्ट किती होणार हे इथे दरवर्षी वरून ठरतं, जमिनीला गुण देऊन, आणि अलीकडे तो कोटा खाली खाली येतोय. कोट्याबाहेरच्या द्राक्षाला मिळणारा पैसा तोडणीलाही पुरत नाही. त्याचा मुलगा लक्झेंबर्गला आहे. हे ऐकून ह्यांनी मान हलवली आणि लेकीकडे बघितलं. दोघे बागायतदार एकदम हसले. मला ते हसू आवडलं नाही, पण ओळखीचं होतं.

दुपारी स्टेशनवर गेलो. पिन्यांवचं स्टेशन टिचभर, पण भिंतींवर फरशांची 24 चित्रं, सगळी द्राक्षाच्या हंगामाची. पाठीवर टोपल्या घेतलेली माणसं, बैलगाड्या, नदीतल्या होड्या. तिथेच कळलं की धरणं होण्याआधी ही नदी भयंकर होती. 1861 साली एका भोवऱ्यात फॉरेस्टर नावाचा बॅरन बुडाला आणि त्याच होडीतली दोना आंतोनिया वाचली. घेरदार झग्यांनी तिला तरंगवलं म्हणतात. तरुणपणीच विधवा झालेल्या या बाईने पुढे बागांवर बागा उभ्या केल्या, फिलॉक्सेरात लोकांना काम दिलं. दोरूत अजूनही तिला लाडाने 'फेरैरिन्या' म्हणतात. परकरांची ही दुसरी गोष्ट, नाझारेच्या म्हातारीला सांगायला हवी होती.

सोमवार आणि मंगळवार, पोर्तू

पोर्तूत पाऊस. आपल्या श्रावणासारखा, मधेच ऊन. दोन मजली लोखंडी पूल ओलांडला की पलीकडे व्हिला नोव्हा द गाया, पोर्टची कोठारं. दोरूत उन्हाळा भाजून काढतो, म्हणून वाईन खाली समुद्राच्या गारव्यात आणून मुरवतात. पूर्वी होड्यांतून यायची, आता टँकरमधून.

आत अंधार, ओल, लाकडाचा वास आणि रांगेने पडलेली लाकडी पिंपं. गाइड मुलगी म्हणाली, "या प्रत्येकाला आम्ही 'पिपा' म्हणतो, 550 लिटर." मी तिथल्या तिथे थांबले. पिपा! पिंप! फळ्यावरच्या यादीत मी हा शब्द कधी लिहिलाच नव्हता. आमच्या बागेत मोरचूद-चुना कालवायला निळं प्लास्टिकचं पिंप आहे, त्यावर रोज हात पडतो, आणि मराठीच्या बाईंना ते कुठून आलं ठाऊक नव्हतं. तीस वर्षं. मी त्या मुलीला सांगायला गेले, लेकीने दंड धरून पुढे नेलं.

चाखायला तीन ग्लास आले. रुबी, मोठ्या भांड्यात राखलेली, लालभडक, फळाची. मग दहा वर्षांची टॉनी, पिंपात हळूहळू फिकी पडलेली, चव काजू-खारकेची. तिसरी वीस वर्षांची. ह्यांनी ती हुंगली आणि म्हणाले, "काकवी." अगदी बरोबर. गुऱ्हाळावर शेवटी कढईच्या कडेला जे लागतं ते.

पोर्तूची फ्रान्सेझिन्या हे मी खाल्लेलं सर्वांत अवाढव्य सँडविच. पावात हॅम, दोन तऱ्हेचे सॉसेज, मांसाचा काप, वर वितळलेलं चीज आणि त्यावर बिअर-टोमॅटोचा तिखट रस्सा, भोवती फिंगर चिप्स. मिसळीशी तुलना करायचा मोह झाला, पण नाशिकच्या बाईने असं लिहू नये. मला काल्दु व्हेर्द बरं वाटलं, बटाट्याच्या पातळ सारात केसासारखी चिरलेली हिरवी पानं. ती भाजी 'कोव्ह'. आपल्या कोबीचं नाव तिथूनच.

विमानाच्या आधी हे हार्डवेअरच्या एका दुकानात गायब झाले. पोर्तुगीज छाटणीच्या दोन कात्र्या घेऊन आले. वेलाची एक काडीही हवी होती, पण लेकीने दम भरला : रोपं, काड्या, माती, काही न्यायचं नाही, विमानतळावर धरतील. कात्र्या मोठ्या बॅगेत गेल्या, सोबत टॉनीची एक बाटली, ह्यांच्या बनियनमध्ये गुंडाळून.

शुक्रवार, घर

द्वादशीला श्राद्ध. खीर, वडे, आमसुलाची चटणी, अळू. मी सकाळपासून चुलीशी. दुपारी सासूबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसल्या आणि माझ्या पायांकडे बघत राहिल्या. पोटऱ्या साबणाने निघाल्या होत्या, नखांच्या कडा नव्हत्या निघाल्या.

"हे काय गं, अळता लावलास?"

"हो, आई."

त्या काही बोलल्या नाहीत. बाहेर हे पाटावर मांडी घालून बसले होते, गुरुजी संकल्प सांगत होते. सासूबाईंनी सावकाश मान वळवली, लेकाच्या पायांकडे पाहिलं आणि पुन्हा माझ्याकडे.

"आणि यानेसुद्धा?"